मल्लूअप्पांच्या कॅसेटींची स्थळं

“घरात उंदीर हायती का?”

मल्लूअप्पा आमच्याकडे पहिल्यांदा रीतसर आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी हे विचारलं. नाही म्हटल्यावर ते आत आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “टेपरेकॉर्डर कुटं असतो? जरा बाहेर आणा की. बघू तरी.”

मी आमचा टेप पुसून आणला. अप्पांनी तो मांडीवर घेतला, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, बटणं दाबली आणि वास घेतला. एवढी चौकशी माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी माझीही केली नव्हती.

अप्पा आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. नव्या पेठेत त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. गाणी आधी सीडीत गेली, मग पेनड्राइव्हमध्ये, मग फोनमध्ये, आणि दुकानात मोबाइलची कव्हरं विकणारा भाडेकरू आला. उरल्यासुरल्या कॅसेटी अप्पांनी घरी आणल्या. पलंगाखाली कॅसेटी, देवघराखाली कॅसेटी, काकू वारल्यावर रिकाम्या झालेल्या त्यांच्या कपाटात कॅसेटी. हुबळीला दिलेली त्यांची मुलगी मध्ये येऊन गेली, तर तिला पाय पसरायला जागा मिळेना. ती कन्नडमधून काय बोलली ते मला कळलं नाही, पण आवाज खालपर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी अप्पा मला जिन्यात भेटले. “सर, ठरवलंय. आता ह्या पोरी उजवून टाकायच्या. हुंडा न्हाय, मानपान न्हाय. पण घर चांगलं पायजे. कॅसेट वाजली पायजे. नुसती ठेवायची असंल, तर माझं घर काय वाईट हाय?”

तेव्हापासून अप्पा स्थळं बघत हिंडू लागले. आमचं घर त्यांना पसंत पडलं आणि एक कॅसेट आमच्याकडे नांदायला आली. टेप चालू स्थितीत हवा, घरात कॅसेट ऐकणारं निदान एक माणूस हवं आणि कपाट पश्चिमेच्या खिडकीजवळ नको. एका चांगल्या चालून आलेल्या स्थळाला त्यांनी एवढ्यावरून नकार दिला. “सोलापूरचं ऊन हाय हे. एका उन्हाळ्यात पोरगी वाकडी हुती. मग त्यास्नी बोल लावून काय उपेग?”

जोड्या लावताना मात्र अप्पा भलताच खट्याळपणा करत. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका देशमुखबाईंना त्यांनी लावण्यांची कॅसेट दिली. बाई संतापल्या. अप्पा शांतपणे म्हणाले, “असू द्या की. लई वर्सं शाळा ऐकली तुमी.” आठवडाभर बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी त्यांच्या बंद दारामागून ढोलकी ऐकू आली आणि मी जिन्यात उगाच बुटाची नाडी बांधत बसलो.

एका कॅफेवाल्याला सगळ्याच कॅसेटी हव्या होत्या. अप्पा हरखले. मग कळलं की त्याला त्या भिंतीवर डिंकानं चिकटवायच्या आहेत, म्हणे जुना माहोल तयार होतो. अप्पांनी त्याला चहा पाजला, शेंगाची चटणी बांधून दिली आणि दार लावून घेतलं. “पोरी भिताडाला चिकटवायला वाढवल्या व्हय?” हे ते नंतर दिवसभर भेटेल त्याला विचारत होते.

कॅसेट दिली म्हणजे काम संपलं, असं मात्र नव्हतं. अप्पा नांदणूक बघायला जात. एका हातात कापूस, दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली. आधी टेपचं हेड पुसायचं, मग एक अख्खी बाजू डोळे मिटून ऐकायची, मग चहा घ्यायचा आणि बाजू पलटून पुन्हा बसायचं. एका घरी कॅसेटच्या डबीत लवंगा-वेलदोडे सापडले. अप्पांनी मसाला त्या बाईंच्या हातावर ओतला आणि कॅसेट रिक्षात घालून परत आणली. “माहेरी आणलीया,” असं मला सांगताना त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता.

पण लोकांना हे किती दिवस परवडणार? ऐन रविवारी सकाळी माणूस दारात, आणि तास दीड तास हलत नाही. अप्पांच्याच मजल्यावरच्या, कॅसेट घेतलेल्या एका इंजिनिअरनं यावर तोड काढली. कॅसेट वाजतानाचा छोटा व्हिडिओ त्यानं अप्पांना फोनवर पाठवला. खाली लिहिलं, ‘सर्व ठीक आहे. येण्याची तसदी घेऊ नये.’ युक्ती झकास होती. बघता बघता सगळ्यांनी उचलली, अगदी देशमुखबाईंनीसुद्धा. मीही एका दुपारी आमच्या टेपचा व्हिडिओ काढून ठेवला होता, नुसता पाठवायचा राहिला होता.

त्याच संध्याकाळी अप्पा आले. हातात बाटली नव्हती, कापूस नव्हता. शेवटची कॅसेट सकाळीच एका चांगल्या घरी गेली होती. त्यांनी फोन पुढे केला आणि मला आणि माझ्या बायकोला एकेक व्हिडिओ दाखवू लागले. “ही बघा. ही पण बघा. समद्या सुखात हायती की. कुणाची काय तक्रार न्हाय.”

मी म्हणालो, “मग चांगलंच झालं की, अप्पा.”

“झालं की.” त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “मुलगी म्हणती, आता घर मोकळं झालं, हुबळीला या. पर हितं चार घरी जायची सवय लागलीया बगा. घरात कुणाशी बोलणं न्हाय का चालणं न्हाय. पोरींच्या निमतानं जात हुतो.”

या माणसाच्या रविवारच्या फेऱ्यांना आम्ही मनसोक्त हसलो होतो, आणि त्याचा आठवडा त्या फेऱ्यांवर चालला होता. मला फार वाईट वाटलं.

माझी बायको मात्र उठली. मी काढून ठेवलेला व्हिडिओ तिला ठाऊक होता. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “अप्पा, तुमचं सगळीकडे ठीक असेल. आमची कॅसेट अडकतेय.”

कॅसेट अडकत नव्हती. दुपारीच वाजली होती, आणि ती वरच्या मजल्यावर ऐकू गेल्याशिवाय राहिली नसणार.

अप्पांनी टेप मांडीवर घेतला. झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं, बोटानं चाक फिरवलं. चाक लोण्यासारखं फिरलं. मग ते मान खाली घालूनच म्हणाले, “व्हय वैनी. लई बिघडलंय. एका फेरीत न्हाय व्हायचं हे.”

“चालेल,” बायको म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.