पाळणा हललाच पाहिजे

पाळणाघरात पाळणाच नाही, हे इन्स्पेक्टर अच्युतरावांच्या लक्षात आलं तेव्हा सरोजिनीबाई विजयकर मनातल्या मनात गणपतीला मोदक कबूल करून मोकळ्या झाल्या होत्या. खिडक्या पाहून झाल्या होत्या, मोरी पाहून झाली होती, पाण्याचं पिंपही झाकलेलं निघालं होतं. ठाकूरद्वारच्या त्या दोन खोल्यांत तपासण्यासारखं आता काही उरलं नाही असं वाटत असताना अच्युतरावांनी टोपी सारखी केली आणि विचारलं,

"पाळणा कुठंय?"

"अहो, आमची मुलं अडीच-तीन वर्षांची. चटईवर झोपतात."

"अर्जात काय लिहिलंत? पाळणाघर. म्हणजे पाळणा आणि घर. घर मी पाहिलं."

"मग बालवाडी लिहिते."

"बालवाडीचं खातं वेगळं. तिथं नवा अर्ज, नवी तपासणी. म्हणजे वर्ष गेलं समजा." अच्युतराव चपला घालता घालता म्हणाले, "बुधवारी येतो. पाळणा हवा, आणि तो हलता हवा. मागे एकीनं मोडका टांगून ठेवला होता."

ते गेले आणि सरोजिनीबाईंच्या पायांना भिंगरी लागली. परवाना नसेल तर मुलं ठेवायची नाहीत, असा नवा हुकूम होता. परवाना असेल तर मात्र मुलांसाठी दुधाची भुकटी मिळायची. परळच्या इस्पितळातली नर्स, तारघरातली पोरगी, फोर्टातली टायपिस्ट, सगळ्या सकाळी इथं मूल टेकवून धावत सुटायच्या. दार बंद झालं तर त्यांनी मुलं कुठं ठेवायची? आणि खरं सांगायचं तर सरोजिनीबाईंनीही काय करायचं? स्वतःची मुलं मोठी झाल्यापासून ह्या दोन खोल्या त्यांना खायला उठत. थोरल्या शशिकांतची बायको सुनेत्रा हाताशी होती, पण तेवढ्यानं घर भरत नव्हतं. आता कुठं घरात गलका आला होता.

गलका म्हणजे कसला, तर रस्त्यावरून रोज मोर्चे जात आणि मुलं गॅलरीच्या गजांतून ते पाहत. बाकीची घोषणा त्यांना झेपत नसे, शेवट तेवढा पाठ होता. दुधाला उशीर झाला की "दूध मिळालंच पाहिजे" आणि सकाळी ओळीनं बसवलं की "शी झालीच पाहिजे". दिवसभर हेच कानावर पडून सरोजिनीबाईंच्या जिभेलाही तेच वळण लागलं होतं.

त्यामुळे गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या शेजारच्या मालनला गाठून त्या एका दमात म्हणाल्या, "मालन, आमच्या घरात पाळणा हललाच पाहिजे. बुधवारच्या आत."

मालनच्या हातातलं सूप थांबलं. तिनं सरोजिनीबाईंना नखशिखांत न्याहाळलं.

"खरां काय, वैनी?"

"खोटं कशाला सांगू? साहेबांचा हट्टच आहे."

अच्युतरावांची तपासणी मालनच्या गावीही नव्हती. वाडीत साहेब म्हणजे एकच, विमा कंपनीत टाय लावून जाणारे सरोजिनीबाईंचे यजमान कमलाकांत.

"ह्या वयात हट्ट?" मालनचा आवाज एकदम खाली आला.

"वयाचा काय संबंध? नियम म्हणजे नियम. ऐकल्यावाचून गत्यंतर आहे का?"

"नाय गो बाय," मालन हळहळून म्हणाली. "बायकांका खंयचा गत्यंतर?"

संध्याकाळी मालनचा शिसवी पाळणा विजयकरांच्या आढ्याच्या कडीला लागला. रिकामा पाळणा उंबऱ्याच्या आत आणू नये म्हणून तिनं त्यात दुपट्यावर वरवंटा निजवला होता. सरोजिनीबाईंना पाळणा मिळाल्याच्या आनंदात वरवंट्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात वाट्या येऊ लागल्या. कुणाकडून कैरीचं लोणचं, कुणाकडून आवळा, जाईबाईंकडून चिंचेचा गोळा. जाईबाई म्हणजे वाडीतल्या निम्म्या बाळंतपणांना हजर असलेल्या आजी. त्यांनी स्वतः येऊन सरोजिनीबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जड उचलू नकोस." वाडीला आपल्या धावपळीची एवढी काळजी आहे, हे पाहून सरोजिनीबाईंना भरून आलं. वाट्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या होत होत्या. कोण खातं हे पाहायला त्यांना उसंत नव्हती. त्या पाळण्याच्या कड्यांना तेल घालत होत्या, पुसत होत्या, पुन्हा घालत होत्या.

कमलाकांत मात्र गोंधळून घरी आले.

"इराण्याकडे आज माझ्या चहाचे पैसे आपल्या वाडीतल्या जयवंतानं दिले. वर म्हणतो, साहेब, कमाल केलीत. मी काय केलंय?"

"तुम्ही काय केलंय? सगळं मीच करतेय," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पण नवरा म्हणून तुमचंही नाव घेणारच लोक."

बुधवारी सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जिन्यात पाऊल वाजलं की त्या दारात, आणि दारात गेलं की खोलीत मुलं काहीतरी सांडून ठेवत. अखेर अच्युतराव आले. नेमक्या त्यांच्या पाठोपाठ मालन, जाईबाई आणि वाडीतल्या आणखी बायकाही आल्या, प्रत्येकीच्या हातात खणानारळाचं ताट. बुधवार मुहूर्ताचा आहे, एवढंच मालननं सगळीकडे सांगितलं होतं.

अच्युतरावांनी पाळण्यात डोकावून पाहिलं. "हे काय? वरवंटा?" तो काढून त्यांनी खाली ठेवला आणि दोरीला हात घातला.

"हां, रिकामा हलवू नका," जाईबाई कडाडल्या. "पोटुशी बाई समोर उभी आहे, दिसत नाही?"

"कोण पोटुशी?"

सगळी ताटं सरोजिनीबाईंकडे वळली.

सरोजिनीबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लोणचं, आवळा, जयवंताचा चहा, सगळं एका क्षणात डोक्यात उजळलं. पण परक्या पुरुषासमोर हे बोलायचं कसं?

"अहो, तसं काही नाही," त्या पुटपुटल्या.

"लाजतेय," जाईबाई म्हणाल्या. "शशिकांतच्या वेळेलाही अशीच लाजली होती."

अच्युतरावांचा चेहरा उतरला. माणूस नियमाचा होता, दुष्ट नव्हता. "बाई, मग परवाना देता येणार नाही. पाळणाघराची चालिका गरोदर नसावी, असा स्पष्ट नियम आहे."

"पण नाहीये हो मी."

"मी कशावर विश्वास ठेवू? ओटी भरायला बायका आल्यात, घरात पाळणा टांगलाय."

"पाळणा तुमच्यामुळेच आलाय घरात," सरोजिनीबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

बायकांच्या हातातली ताटं खडखडली. मालननं पदर तोंडाला लावला. अच्युतराव कानापर्यंत लाल झाले आणि टोपी काढून पुन्हा घातली. मुलांना आता आपली पाळी आली असं वाटलं असावं. चटईवरून एकसुरात आवाज उठला, "पाळणा हललाच पाहिजे. हललाच पाहिजे."

"आई नाहीत हो. मी आहे."

स्वयंपाकघराच्या दारात सून सुनेत्रा उभी होती. एका हातात चिंचेचा गोळा होता, अर्धा खाल्लेला.

सरोजिनीबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही अर्जात मदतनीस म्हणून माझं नाव घातलंत. म्हटलं, माझ्यामुळे परवाना अडायला नको. आज इन्स्पेक्टर गेले की सांगणार होते."

आपण चार दिवस पाळण्याला तेल घालत बसलो आणि घरातलं माणूस चिंच खातंय हे दिसलं नाही, ह्याचं सरोजिनीबाईंना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटायलाही आत्ता सवड नव्हती. त्यांनी सुनेत्राचा हात घट्ट धरला आणि भीत भीत अच्युतरावांकडे पाहिलं.

अच्युतरावांनी नियमांचा कागद काढून त्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "नियम चालिकेबद्दल आहे. मदतनिसाबद्दल नियम काही बोलत नाही." आणि त्यांनी सही केली. "दुधाची भुकटी पहिल्या तारखेपासून."

बायकांनी ताटं तशीच सुनेत्राकडे वळवली. आणलेली ओटी परत न्यायची वेळ आली नाही. मालन तर सगळं आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखी वावरू लागली.

गर्दी ओसरल्यावर सरोजिनीबाई कमलाकांतांना कचेरीत निरोप धाडायच्या विचारात होत्या, तोच अच्युतराव जिन्यातून परत वर आले. आता काय राहिलं?

"बाई, एक विचारू? हा पाळणा आणल्यावर किती दिवसांत कळलं?"

"हे काय, चारच दिवस झाले."

अच्युतराव पाळण्याकडे पाहत राहिले. मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून म्हणाले, "आमच्या सूनबाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. सगळे उपाय झाले. म्हटलं, महिनाभर हा घरी न्यावा."

"न्या की. मालनला सांगते मी. पण मध्येच तपासणी आली तर? पाळणा नाही म्हणून परवाना जायचा."

"तपासणीला मीच येणार ना? येताना घेऊनच येईन." त्यांनी स्वतः कडीतून पाळणा उतरवला, दारापर्यंत नेला आणि उंबऱ्याशी अडखळले.

"तेवढा तो वरवंटाही द्या," इन्स्पेक्टर म्हणाले. "रिकामा नेऊ नये म्हणतात."