मोहिनीनं लिहिलेली लाडी

शनिवारी सकाळी सटवाच्या घरात पुन्हा कोरा चहा झाला आणि कडूबाईनं कप दाणकन खाली आपटला.

"आवो, आज चौथा दिस! दारात दुभती शेळी आन् घरात कोरा चहा. आता ह्या घरात येक तर ती ऱ्हाईल, न्हाई तर मी. मी चालले चकलांब्याला, भावाकडं."

धमकी पोकळ नव्हती. मागच्या वर्षी ती अशीच रुसून गेली होती, तेव्हा सटवानं अकरा दिवस स्वतःच्या हातची भाकरी खाल्ली होती. त्यातली एक त्यानं कुत्र्याला टाकली, तर कुत्रं वास घेऊन निघून गेलं. तेव्हा बायको ठेवायची तर शेळी घालवायची, एवढा हिशेब सटवाला पक्का समजला होता.

शेळीचं नाव लाडी. बाकीच्या शेळ्या गाभण होत्या, दुभती ही एकटीच. दिसायला देखणी, काळीभोर, पण खोड अशी की शेळ्या पाळणाऱ्यानं कपाळावर हात मारावा. मान वळवायची, पाय फाकवायचे आणि आपलंच दूध आपणच चट्ट करायचं! चोर घरातला, माल घरातला, तक्रार करायची कुणाकडं? सटवानं तिच्या कासेला पिशवी बांधून पाहिली. लाडी दातांनी गाठ सोडायला शिकली.

"आगं, जरा दम काढ," सटवा म्हणाला. "उद्या मोहनराव मालक येनार हायेत शेळी बघायला. त्यांच्या आईला वैद्यानं शेळीचं दूध सांगितलंय. आयतं गिऱ्हाईक हाय. फकस्त उद्या कुनी येक शबूद बोलायचा न्हाई. मोहिने, तू तर तोंडच उघडायचं न्हाई."

"न्हाई उघडनार, बप्पा," त्याची तिसरीतली लेक मोहिनी म्हणाली आणि दप्तर उचलून शाळेत गेली.

आता मोहिनी ही शब्दाला जागणारी पोरगी. ती तोंड उघडणार नव्हती म्हणजे नव्हतीच. पण शनिवारी शाळेत सत्यशीला मॅडमचा लेखनाचा तास असायचा, हे सटवाच्या ध्यानात कुठून येणार?

सत्यशीला मॅडम बदलून आल्या तेव्हा वर्गातली सगळी पोरं एकसारखं लिहायची. 'शेळी हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय असतात.' मॅडमनी विचारलं, "मग तुमच्या दारातल्या शेळीत आणि दिंद्रुड गावातल्या शेळीत फरक काय?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तेव्हापासून नियमच झाला. आठवडाभर एक गोष्ट बघायची आणि शनिवारी तिच्यावर पानभर लिहायचं. घरी बोलता तसंच लिहा, पण ऐकलेलं नको, पाहिलेलं लिहा. लिहून झालं की मॅडम पानांचे फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या. खरं सांगायचं तर अशी बाई वस्तीवरच्या शाळेला लाभणं म्हणजे नशीबच.

त्या शनिवारी ग्रुपवर मोहिनीचं पान आलं. खाली मॅडमनी लिहिलं होतं, 'या वर्षातलं सर्वात सुंदर पान.' संध्याकाळपर्यंत त्यावर एकवीस अंगठे पडले. सटवाला अक्षरओळख नव्हती. रानात गावच्या ऐंशी शेळ्यांतली कोणती ओरडली ते तो पाठमोरा सांगायचा, पण कागदापुढं त्याचं चालत नसे. एकवीस अंगठे मात्र त्याला मोजता आले. छाती फुगली. त्यानं बाविसावा अंगठा स्वतःचा दिला.

रविवारी सकाळी मोहनराव फटफटीवरून आले. शेजारच्या गावचे बागाईतदार, शिवाय शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यांची नात आरोही मोहिनीच्याच वर्गात होती, त्यामुळं तेही त्या ग्रुपवर होते. पण ग्रुपवर रोज एवढी सुप्रभातं पडायची, की त्यांनी तो महिनाभर उघडलाच नव्हता.

त्यांनी लाडीभोवती एक चक्कर मारली. "कासेला पिशवी कावून बांधली बे?"

"करडं पितात, मालक. लई लोचट करडं."

"अन् स्वभावानं?"

"गाईवानी गरीब! तुमी हात लावा, जागची हलनार न्हाई."

मोहिनी खांबाला टेकून ओठ घट्ट मिटून उभी होती. कडूबाई चहा टाकायला आत गेली. शेजारणीकडून तिनं पेलाभर दूध उसनं आणलं होतं. सौदा जुळल्यातच जमा होता. आता सटवानं गप्प बसावं की नाही? पण बापाचं काळीज! मालकासारखा शिकलेला माणूस दारात आलाय आणि पोरीचं कौतुक दाखवायचं नाही, हे त्याला कसं जमावं?

त्यानं मोबाईल पुढं केला. "मालक, पोरीचं अक्षर बघा. बाविस जनांनी आंगठा दिलाय. वाचा की मोठ्यानं. आगं, भायेर ये, ऐक!"

मोहिनीनं बापाचा सदरा ओढला. बापानं हात झटकला. "लाजती," तो मालकांना म्हणाला.

मोहनरावांनी चष्मा लावला. "'आमची शेळी लाडी. तिचा डावा कान तेवढा पांढरा हाय. ऊन पडलं की तो कान आतून गुलाबी दिसतो.'" त्यांनी मान वर केली. उन्हात उभ्या लाडीचा कान खरंच गुलाबी दिसत होता. "आयला! खरंच की!"

"तर! फुडं वाचा, मालक."

"'लाडी दिवसाला दीड लिटर दूध देते.'"

"बगा! मी काय म्हनत हुतो?"

"'पण ते आमाला देत न्हाई. सोताच पिते.'"

सटवाचा हात मोबाईलकडं गेला. "लहान हाय मालक, पोरखेळ..."

"थांब बे! वाचू दे." मोहनरावांनी मोबाईल दूर धरला. "'बप्पांनी तिला पिशवी बांधली. बप्पा सांगतात की पिशवी करडांमुळं हाय. करडं आमी मागच्या महिन्यात विकली. आधी गाठ सोडायला तिला दोन दिवस लागले. आता मी सातचा पाढा म्हणेपर्यंत सोडते.'"

सगळ्यांनी लाडीकडं पाहिलं. पिशवी खाली पडलेली होती आणि सगळ्यांचं लक्ष मोबाईलात बघून लाडी मान वळवून न्याहारीला बसली होती.

"'आई तिला लई शिव्या देते. पण भाकरीचा पहिला तुकडा तिलाच देते आन् म्हणते, खा भवाने.'"

"आगं बया! हे बी लिव्हलं का, मेले!" दारात आलेल्या कडूबाईनं पदर तोंडाला लावला.

मोहनराव आता सटवाला विसरले होते. त्यांचा आवाजही बदलला. "'मी आठ दिवस बघितलं. जवळ कोणी बसलं की लाडी पीत न्हाई. मंगळवारी मी तिच्याजवळ बसून अभ्यास केला, तर चहात दूध होतं. बुधवारी मी शाळेत आन् आई-बप्पा रानात गेलते, तर कोरा चहा झाला. मला वाटतं तिला भूक लागत न्हाई. करडं गेल्यापासून तिला करमत न्हाई.'"

शेवटची ओळ त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग चष्मा काढला. सटवानं मान खाली घातली. झालं, शेळी राहिली आणि बायको चालली!

"सटवा, शेळी घेतो मी."

"आं? न्हाई मालक, तिला खोड हाय!" सटवाच्या तोंडून निघून गेलं. "सोताचं दूध पिते ती!"

"ते मीच तर वाचलं! अरे, आमची आई दिवसभर ओट्यावर येकटी बसती. आमी रानात, पोरं शाळेत. मी वैद्य केले, डॉक्टर केले, तिचं दुखनं कुनालाच सापडंना. ह्या पोरीनं आठ दिस नुसतं बघून सांगितलं, करमत न्हाई." त्यांनी मोहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "लई हुशार हायेस बाळा. आमाला घरातलं दिसलं न्हाई, तुला गोठ्यातलं दिसलं."

मोहिनीनं बापाकडं पाहिलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

दुपारी लाडी मोहनरावांच्या ओट्यावर गेली. त्यांच्या आई, छबुबाई आजी, तिला सुनेच्या तक्रारी सांगायला लागल्या. त्या तक्रारींना अंत नव्हता आणि लाडीला मान वळवायला सवड नव्हती. आठवडाभरात घरात दूध आणि आजीच्या तोंडावर हसू, दोन्ही दिसायला लागलं. मोहनराव भारावून थेट शाळेत गेले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्या पोरांची पानं दाखवा." पहिलंच पान आरोहीचं निघालं. 'माझे आजोबा फोनवर निघालो, वाटेत हाय, असं म्हणतात तेव्हा ते पलंगावर असतात.' अध्यक्षांनी ते पान दोनदा वाचलं आणि मॅडमना हात जोडून लवकर निघाले.

पण त्यांनी बाजारात मोहिनीचं नाव असं काही गाजवलं, की गिऱ्हाइकं जनावर बघायच्या आधी विचारायला लागली, "पोरीचं पान हाय का?" पान नसेल तर पुढं चालू पडायची. सटवाच्या दारात शेळ्या घेऊन माणसं यायला लागली. मोहिनी प्रत्येकीजवळ तास-दोन तास बसायची आणि मगच पेन्सिल उचलायची.

एक दिवस सिदू आला. हा बाजारातला मुरलेला गडी, पण अक्षरशत्रू. त्यानं मोहिनीच्या हातावर चिक्कीच्या दोन वड्या ठेवल्या. "बाय माझी, जरा चांगलं लिव्ह हां."

मोहिनीनं मन लावून लिहिलं. 'सिदूमामांची शेळी पुढच्या उजव्या पायानं लंगडते. सिदूमामांनी मला दोन चिक्क्या दिल्या आन् चांगलं लिही म्हणले. चिक्की चांगली होती.'

"झालं का चांगलं?" सिदूनं विचारलं.

"चांगलं झालं," मोहिनी म्हणाली.

सिदूनं पानाची नीट घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि मिशीला पीळ देत तो बाजाराला निघाला.