विचार तपासून मिळतील

तपासनीस दिवसभर खुर्च्यांवर बसत असे आणि घरी आल्यावर उभा राहत असे.

फर्निचरच्या कारखान्यात खुर्ची पास की नापास हे ठरवणं, हे त्याचं काम. डुगडुगणारी खुर्ची त्याने आजवर पास केली नव्हती. मालकाच्या मेव्हण्याने हौसेने बनवलेलीसुद्धा त्याने परत पाठवली होती. घरात मात्र त्याने स्वतः निवडून आणलेली एकुलती एक आरामखुर्ची सासऱ्यांच्या ताब्यात होती. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यावर सासऱ्यांना एक विचार सुचला होता. वस्तू आपण बघतो तोवरच असतात, नजर काढली की नसतात. तेव्हापासून ते खुर्चीत बसून सगळं घर सांभाळत होते. आंघोळीपुरतं ते लेकीला तिथे बसवत, तेही जावई कामावर गेल्यावर. रात्री ते खुर्चीतच झोपत. तेव्हा वस्तूंचं काय होतं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

"बाबा, जरा कोपऱ्यावरून ब्रेड आणता?" लेक विचारी.

"मी ब्रेड आणायला गेलो आणि इकडे कपाट गेलं म्हणजे?"

मग तपासनीस ब्रेड आणी आणि भिंतीला टेकून उभा राही. घरात दुसरं होतं ते एक लाकडी स्टूल, त्यावर बायको बसे. नवऱ्याची कुरकूर ती शांतपणे ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "बरं, मग?" या दोन शब्दांपुढे त्याची एकही तक्रार आजवर टिकली नव्हती.

अशात वाचनालयाच्या कार्यवाहांनी जाहीर केलं, की वरच्या मजल्यावरची खोली, पलंग-टेबलासकट, स्पर्धा घेऊन सर्वोत्तम विचारवंताला कायमची राहायला देण्यात येईल. तीन अर्ज आले. त्यातला एक सासऱ्यांचा होता. तो जावयाने स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता. आता अडलं होतं ते परीक्षकावाचून, आणि कार्यवाह नेमके तपासनिसाकडेच आले.

"अहो, विचारांतलं मला काही कळत नाही," तपासनीस म्हणाला.

"आम्हाला तरी कुठे कळतं? पण तुम्हाला निकाल द्यायची सवय आहे."

तपासनिसाला वरच्या खोलीतला पलंग दिसला, पलंगावर सासरे दिसले आणि घरची रिकामी खुर्ची दिसली. तो हो म्हणाला. माल बघायच्या आधी निकाल ठरवायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

नियम त्याला कारखान्यातलेच ठाऊक होते. तेच त्याने लिहून दिले: विचारावर वजन टाकावे, तोच दाब पुन्हापुन्हा देऊन झीज पाहावी, शेवटी तिरका दाब देऊन कलंडतो का पाहावे. झिजेसाठी कारखान्यात यंत्र होतं. इथे त्याने बायकोला बसवलं. त्यात त्याचा डाव होता. लेक काय म्हणते ते सासरे मुळी ऐकतच नसत, त्यामुळे तिच्याकडून त्यांची झीज होण्याचा प्रश्नच नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सासरे खुर्चीवाचून यायला तयार होईनात. शेवटी खुर्ची हातगाडीवर चढवली आणि ते तिच्यावर डोळे रोखून मागून चालू लागले. वाटेत ते दोन खांबांना धडकले, पण नजर काही हलवली नाही.

पहिला आला सलूनवाला. "सगळं आधीच ठरलेलं असतं," तो म्हणाला. "या स्पर्धेचा निकालसुद्धा."

तपासनिसाला दरदरून घाम फुटला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तत्त्व आहे साहेब ते."

"मग परवा माझी अर्धी मिशी उडवलीत, तीही ठरलेलीच का?" मागून एकाने वजन टाकलं.

"अर्थात! वस्तरा फक्त निमित्त."

टाळ्या पडल्या. मग बायको पुढे सरसावली. "बरं, मग?"

"मग काय, माणसाने चिंता करू नये."

"बरं, मग?"

"मग... शांत बसावं."

"बरं, मग?"

सलूनवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "मग मी रोज दुकान कशाला उघडतो?" असं स्वतःलाच विचारत तो मंचावरून उतरून चालता झाला.

दुसऱ्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. खात्रीने काहीच सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"बाई, शाळेत तर तुम्ही पाढा चुकला की छडी मारायचात!" एक जुना विद्यार्थी ओरडला.

"तेव्हा तसं वाटत होतं खरं."

"बरं, मग?" बायकोने सुरुवात केली.

"सांगता येत नाही."

"बरं, मग?"

"सांगता येत नाही."

असं बराच वेळ चाललं. शेवटी बायकोच्याच तोंडाला फेस आला आणि तिने पाणी मागितलं. तपासनिसाने यंत्र बंद पडलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

सासऱ्यांनी मात्र अपेक्षेप्रमाणे लेकीकडे लक्षच दिलं नाही. कपाटं, दिवे, शेजारची म्हैस यांवरून लोकांनी टाकलेली भली भली वजनंही त्यांनी पेलली. आता दोघंच उरली होती, म्हणून तिरका दाब एकमेकांनीच द्यायचा ठरला.

"बघितलं नाही तर वस्तू नसते ना?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नसते."

"तुम्ही आत्ता कशावर बसलाय?"

"खुर्चीवर."

"दिसतेय ती?"

सासरे ताडकन उठले. वळून खुर्चीकडे बघताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "इतकी वर्षं," ते पुटपुटले, "मी बसत कशावर होतो?"

एक शब्द उच्चारला की पलंग सासऱ्यांचा आणि खुर्ची आपली, हे तपासनिसाला स्वच्छ दिसत होतं. पण माल सगळ्यांसमोर डुगडुगला होता. त्याची जीभ काही वळेना.

"नापास," तो म्हणाला, आणि त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

"बाई, खोली घेणार ना?" कार्यवाहांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"म्हणजे नको?"

"तेही सांगता येत नाही."

विजेत्याने नको म्हटल्याशिवाय खोली दुसऱ्याला देता येत नव्हती. तेव्हा तिला कुलूप लागलं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली आणि स्वतः स्टूल घेऊन तिच्यासमोर बसले. "आजपासून हिच्यावर कोणी बसायचं नाही. बसलं की हिच्यावर नजर राहत नाही." त्यामुळे आता नवरा-बायको दोघंही उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सासरे टॉवेल घेऊन उठले. "जावईबापू, मी येईपर्यंत नजर ठेवा. तुम्ही प्रामाणिक माणूस, काल पाहिलं मी."

न्हाणीघराचं दार लागलं. "अहो, बसा ना आता!" बायको कुजबुजली.

"बसलो तर बघणार कोण? बाबांनी विश्वासाने सांगितलंय."

"बरं, मग?" म्हणत तिने स्टूल ओढलं आणि ती समोर बसली. "मी बघते. तुम्ही बसा."

तो बसला. सवयीने आधी डावीकडे झुकला, मग उजवीकडे. खुर्ची तसूभर हलली नाही. त्याला अगदी बरं वाटलं.

"माझ्याकडे काय बघतेस? खुर्चीकडे बघ."

"तुम्ही मध्ये आलात त्याला मी काय करू?" ती हसत म्हणाली, आणि बघत राहिली.

आतला पाण्याचा आवाज थांबला. "आहे ना?" सासऱ्यांनी ओरडून विचारलं.

"आहे, आहे!" दोघं एकदम म्हणाली. "तुम्ही सावकाश आटपा, बाबा!"