सेलुवायाचा बोलण्याचा दाखला

ब्रिस्बेनजवळच्या एका वृद्धाश्रमात नऊ वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या, मूळच्या टोंगा बेटांवरच्या सेलुवायाला इंग्रजी बोलता येतं की नाही, हे तपासायचं एकदाचं ठरलं. नोकरी टिकवायची तर दाखला हवा, असं परिपत्रक निघालं होतं.

परीक्षकाने विचारलं, "काम आवडतं का?" सेलुवायाने भुवया उंचावल्या. टोंगात याचा अर्थ 'हो'. वडीलधाऱ्यांपुढे तोंड चालवायचं नाही, ही आईची शिकवण. परीक्षकाने नोंद केली : उमेदवार प्रश्न ऐकूनच चकित. गुण शून्य.

मग तिची रवानगी आंतरसांस्कृतिक संवादाच्या वर्गात झाली. शिकवायला फेनविक सर.

"दोन संस्कृतींनी अर्ध्या वाटेवर भेटायचं असतं," सर म्हणाले.

"तुमची अर्धी वाट कुठवर येते, सर?"

"या खुर्चीपर्यंत."

समोरचा श्वास घ्यायला थांबला की आपण बोलायला लागायचं, हा पहिला धडा. तीन सेकंद गप्प राहिलं की गुण कापले जात. भुवया हलू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावून सराव चाले. सहा आठवड्यांत बिचारी पोपटासारखी बोलू लागली. दाखला मिळाला, नोकरी वाचली.

आश्रमातले एकोणनव्वद वर्षांचे पेटिग्रू रोज न्याहारी करताना आपल्या दिवंगत बायकोच्या, एडनाच्या, आठवणी सांगत. सेलुवाया टोस्टला लोणी लावत ऐके. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं, ते दाखला मिळाल्यानंतरच्या एका सकाळी निघालं.

"एडना जाताना मला म्हणाली..."

"अरे वा, किती छान. आज हवाही छान पडलीय, नाही?"

म्हातारा थांबला. सेलुवायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय म्हणाल्या त्या, आजोबा?"

"जाऊ दे, पोरी. तुला आता इंग्रजी येतं."

ती तडक व्यवस्थापिकेकडे गेली. "मॅडम, हा दाखला परत घ्या. आजोबा बोलेनासे झालेत."

"सेलू, दाखल्याचं बोलणं त्यांना कळत नाही म्हणजे खोट त्यांच्यात आहे. त्यांनाही वर्गाला घालू."

"मग त्यांचं ऐकायचं कुणी?"

"ऐकण्याची परीक्षा नसते आपल्याकडे."

पेटिग्रू पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. आता न्याहारीला दोघंही एकाच वेळी हवेविषयी बोलतात, आणि अहवालात 'संवाद उत्तम' असा शेरा आहे. एडनाचं वाक्य मात्र राहिलं ते राहिलंच.

हसताय ना? हसा. पण आपल्या घरच्या म्हाताऱ्याचं वाक्य तुम्ही शेवटचं कधी पुरं होऊ दिलंत? थांबा, लगेच उत्तर नको, आधी माझं बोलणं तरी पुरं...