रतिलालआप्पांनी ब्राउझर बदलला

रतिलालआप्पांसमोर खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरायची कुणाची टाप नव्हती. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. रुमाल दिसला की गाडीत चढायचे, चिमटीत धरून बाहेर भिरकावायचे. "रुमालले तिकीट शे का? माणूस बसाडा!" निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. एकदा सभेत मी खुर्चीवर ओढणी ठेवून पाणी प्यायला गेले. परत येते तर ओढणी दाराच्या कडीला आणि खुर्चीत आप्पा.

अक्कलकुव्यात आमच्या संघटनेचं कार्यालय आहे. तिथला एकुलता एक कॉम्प्युटर संघटनेचा, पण हात लावायची परवानगी आप्पांची. डोंगरातली माणसं वनहक्काचा दावा कुठे अडकला ते विचारायला येतात आणि आप्पा सरकारी खात्याचं संकेतस्थळ उघडतात.

या संकेतस्थळाबद्दल बोलायलाच हवं. 'जनतेच्या सेवेत' असं त्यावर लिहिलंय. धडधडीत खोटं! मुख्य पानावर साहेबांचे हसरे फोटो गरागरा फिरतात, आणि दाव्याची स्थिती दाखवणारं पान तिथून सापडतच नाही. लपवलंय म्हणा ना! आप्पांनी आडवाटांनी शिरून अशी पानं शोधली आणि पुन्हा भटकावं लागू नये म्हणून प्रत्येकाचा बुकमार्क करून ठेवला. त्या बुकमार्कांना नावं माणसांची. ज्याच्यासाठी पान सापडलं, त्याचं नाव त्याला. 'जेमा काकी'. 'हसरा वेस्ता'. 'भांडखोर वेस्ता'.

आणि एका सकाळी खात्यानं पाटी झळकवली : तुमचा ब्राउझर जुना आहे, हे संकेतस्थळ यापुढे त्यात उघडणार नाही. संपलं! ज्यांनी आम्हाला रस्ता दिला नाही, त्यांनी आमची पायवाटही नांगरून टाकली. मी तिथल्या तिथे निषेधाचं निवेदन लिहायला घेतलं.

"निवेदन नंतर लिख," आप्पा म्हणाले. "पयले पॅसेंजर उतार."

विसरवाडीला गाडी बंद पडली की प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवायचं काम आप्पांनी वर्षानुवर्षं केलेलं. माणूस चढला, त्याची पिशवी चढली, पिशवीतली कोंबडी चढली, मगच शिट्टी. तोवर बंद गाडीलासुद्धा कुणी हात लावायचा नाही.

"आप्पा, जुन्यातून एक फाइल काढायची, नव्यात घालायची. दोन मिनिटांचं काम."

"तुन्हासारखा दोन मिनिटवाला डेपोत कितला दखेल शेतस मी."

फाइल काढली. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायला लावली; गाडी उलटली तर असावी म्हणून. मग ती नव्या ब्राउझरमध्ये घातली आणि बुकमार्क रांगेनं उभे राहिले. मी जुना ब्राउझर काढून टाकायला गेले, तर आप्पा खेकसले, "हात नको लावू! बठ्ठा चढनात का?"

मग सगळ्यांची हजेरी. आप्पा एकेक नाव पुकारणार, मी पान उघडणार. जेमा काकी चढली. हसरा वेस्ता चढला. भांडखोर वेस्ता चढला, खरा भांडखोर वेस्ता दारात उभा राहून "माझं कधी बघता?" म्हणून भांडत होता. बाजाराचा दिवस, ओटा माणसांनी भरलेला, आणि इथे हजेरी चाललेली. खात्यावरचा माझा राग आता आप्पांवर यायला लागला.

"एक ऱ्हायना," आप्पा म्हणाले.

"कोण राहिलं आता?"

त्यांनी जुन्या ब्राउझरमधल्या एका फोल्डरवर बोट ठेवलं. नाव 'कल्पना'. उघडला. आत काही नव्हतं. रिकामा म्हणून नव्या ब्राउझरनं तो घेतलाच नव्हता.

"आप्पा, हा रिकामा आहे! बाहेर माणसं ताटकळलीत आणि तुम्ही रिकामा फोल्डर कसला चढवताय?"

"कल्पनानी करेल शे तो."

कल्पना त्यांची मुलगी. पुण्याला असते. मी संघटनेत आले तेव्हापासून तिला इथे पाहिलेलं नाही.

"दिवाळीले उनती," आप्पा म्हणाले. "नातना फोटोनं पान धाडसू म्हने. 'आप्पा, आठे, या फोल्डरमा ठेवज्यात.'"

"मग?"

"धाडी ना, आज ना उद्या."

"कुठल्या दिवाळीला आली होती?"

आप्पांनी माउस उचलला, होता तिथेच परत ठेवला.

'रुमालले तिकीट शे का?' माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. नव्या ब्राउझरमध्ये फोल्डर केला, रांगेच्या शेवटी, आणि नाव टाकलं : कल्पना.

"तठे मांगे नको," आप्पा म्हणाले. "पयले घे. खिडकीपाशी." आणि पडद्यावर जागा दाखवत, "तिले गाडी लागस."