बढतीच्या रेषेअलीकडे

वर्धा जिल्ह्यातले क्रमांक एकचे सायकलपटू महादेवराव यांनी आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही, ही जिल्हा हौशी सायकल संघटनेच्या दृष्टीने मोठ्या समाधानाची बाब आहे. महादेवरावांचं वर्ध्यात सिमेंटचं दुकान आहे आणि वय बावन्न आहे. सायकल इतकी हलकी की दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ती एका हाताने उचलून दाखवतात. त्यांच्या कारच्या मागच्या काचेवर 'जिल्हा क्र. १' असं ठळक अक्षरात लिहिलेलं आहे.

हे कसं घडलं ते कळायला नियम कळावे लागतात. नियम शास्त्रशुद्ध आहेत. संघटनेचे तांत्रिक सल्लागार प्रभाकरराव यांनी ते परदेशातल्या एका संघटनेच्या वेबसाइटवरून उतरवून घेतले आणि जिथे इंग्रजी कळलं नाही तिथे स्वतःच्या सरकारी नोकरीच्या अनुभवाने भर घातली. गट चार: अ, ब, क आणि ड. नवा माणूस ड गटात येतो. दुसरा-तिसरा आला की त्याचे गुण साठत जातात. पहिला आला तर मात्र त्याला वरच्या गटात बढती मिळते आणि त्याचे सगळे गुण त्याच संध्याकाळी शून्य होतात, कारण नव्या गटात नवी सुरुवात झाली पाहिजे. क्रमवारीची यादी मात्र चारही गटांची मिळून एकच.

त्यामुळे ड गटात वर्षानुवर्षं दुसरा येणारा माणूस जिल्ह्यात पहिला असतो. महादेवरावांनी हे मर्म फार लवकर ओळखलं. एकदा त्यांच्या पुढे असलेला पोरगा शेवटच्या वळणावर पडला, तेव्हा त्यांनी खाली उतरून त्याला उचललं, सायकलवर बसवलं आणि मागून ढकलून रेषेपार घातलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांच्या खिलाडूवृत्तीवर फोटोसह बातमी होती.

या व्यवस्थेत मयुरी शिरली ती नियम न वाचता. सिंदी मेघेत स्टेशनरीचं दुकान चालवणाऱ्या कैलासरावांची ही मुलगी, वय एकवीस. पहाटे उठून हिंगणघाटपर्यंत जायची आणि कॉलेजच्या वेळेआधी परत यायची. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे जायचं असतं, एवढीच तिची समज. त्या समजेपायी ती ड गटात जिंकली आणि शून्य झाली. क गटात जिंकली, पुन्हा शून्य झाली. ब गटात जिंकून ती अ गटात पोचली, आणि तिथे ती एकटीच होती. तीनपेक्षा कमी स्पर्धक असतील तर ती शर्यत धरली जात नाही, म्हणून गुणही नाहीत. दिवाळीपर्यंत जिल्ह्यातली सर्वांत वेगवान सायकलपटू यादीत सर्वांत खाली होती. तिच्या वर कांताबाई होत्या. कांताबाईंनी नाव नोंदवून टी-शर्ट घेतला होता आणि त्या घरी गेल्या होत्या. त्यांना सहभागाचा एक गुण होता.

मयुरीला हे चालणार नव्हतं. जानेवारीत पुण्याला राज्य निवड चाचणी होती, आणि मुलं-मुली मिळून जिल्ह्याची जागा एकच, यादीत पहिला असेल त्याची. तिथे निवड झाली तर खरा प्रशिक्षक, खरं शिबिर. घरी ठरलं होतं की हे एक वर्ष सायकलचं. नाही जमलं तर सायकल विकून बी.एड.ला नाव घालायचं.

कैलासराव मुलीला घेऊन संघटनेचे सचिव हेमराज यांच्या मोबाइलच्या दुकानात गेले.

"हेमराजभाऊ, पोरगी सगळ्या रेस जिंकली, अन् यादीत शेवटी काऊन?"

"जिंकली म्हणूनच न, भाऊ," हेमराज शांतपणे म्हणाले. "तिले कोणी सांगतलं होतं जिंकाले?"

"रेसमंधी जिंकाले सांगा लागते का?"

"हेच तं. लोकं नियम वाचत नाई. महादेवरावले पाहा. चार वर्षं झाले, एकदाही चुकले नाई तो मानूस."

"मंग मले परत ड गटात टाका," मयुरी म्हणाली.

हेमराज खूश झाले, कारण तशी तरतूद होती. अवनतीसाठी अर्ज करता येत असे. अट एवढीच की अर्जदाराने आपल्या गटात लागोपाठ तीन शर्यतींत खराब कामगिरी केलेली असावी.

"पन अ गटात रेसच होत नाई न, काका. मी एकटीच आहो तिथं."

"म्हणून तं तुह्यी खराब कामगिरी सिद्ध होत नाई, बेटा. अजून दोघं पाह्यजे. ब गटातून कोणी जिंकून वर आलं, का तुह्यं काम झालं."

म्हणजे मयुरीचं पुणं आता ब गटाच्या हाती होतं. ब गटात बंडूजी आणि अण्णाजी असे अनुभवी लोक होते. दोघेही पूर्वी ड आणि क गटांत बेसावधपणे जिंकले होते, आणि घरात काही वाईट घडल्यासारखे अजून त्याविषयी हळू आवाजात बोलत. आता ते शहाणे झाले होते.

त्या रविवारच्या शर्यतीत सेलूच्या रस्त्यावर ब गटाचे पाचही जण एकत्र आले आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबले. प्रत्येकाचा एक पाय जमिनीवर.

"व्हा न पुढं, बंडूजी."

"छे, तुम्ही वयानं मोठे. तुमचा मान पह्यले."

"मान कायचा? सायकलवर सगळे सारखे."

मयुरी रेषेपलीकडे उभी होती. ती हात जोडून म्हणाली, "अण्णाजी, दोघं जन तरी या इकडं. माहा पूर्ण साल जाऊन राह्यला."

"बेटा, आमचा आशीर्वाद आहे न तुह्या पाठीशी," अण्णाजी म्हणाले. पाय त्यांनी उचलला नाही. पुढे तर्री-पोहे आले, ते पाचही जणांनी सायकलवरूनच खाल्ले, आणि ऊन चढल्यावर सगळे आल्या वाटेने परत गेले.

मला इथे राग येतो. पण संघटनेच्या समितीला आला नाही. समितीने तिथेच झाडाखाली बैठक घेतली. कोणी रेषा ओलांडली नाही, याचा अर्थ कोणी हरलेलं नाही. कोणी पडलंही नाही. वातावरण सौहार्दाचं राहिलं. प्रभाकररावांच्या सूचनेवरून रेषेपूर्वी राखलेल्या संयमाबद्दल गुण देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

ठरावाचा परिणाम ताबडतोब दिसला. पुढच्या शर्यतीत लोक रेषेच्या मैलभर आधीच थांबू लागले, कारण जास्त आधी थांबणं म्हणजे जास्त संयम. डिसेंबरातल्या शर्यतीत झेंडा पडला आणि कुणीच हललं नाही. सगळे गट सुरुवातीच्याच रेषेवर ताठ उभे राहिले. सहभाग कितीतरी पटीने वाढला. ज्यांना सायकल येत नव्हती तेही दुसऱ्याची सायकल धरून उभे राहू लागले, आणि शून्य अपघातांबद्दल संघटनेला वरून प्रशस्तिपत्र आलं. सर्वांत स्थिर महादेवराव होते.

"मीबी उभी राहू का मंग?" मयुरीने वर्षाच्या शेवटच्या शर्यतीला विचारलं.

"अ गटात एकटं उभं राहनं म्हणजे रेस नाई," हेमराज म्हणाले. "थे नुसतं उभं राहनं आहे."

तेव्हा मयुरी एकटीच निघाली. हिंगणघाटपर्यंत गेली, वळली, वाऱ्याला तोंड देत परत आली आणि धापा टाकत शेवटच्या रेषेपार झाली. झेंडेवाला जेवायला गेला होता. पण प्रभाकररावांनी पाहिलं आणि ते गंभीर झाले. रेषा ओलांडली गेली होती. ओलांडली म्हणजे बढती देणं भाग होतं, आणि अ गटाच्या वर गट नव्हता. मग त्यांना नोकरीतला अनुभव आठवला. सर्वांत वरच्या पदानंतर काय असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मयुरीला 'सन्माननीय सेवानिवृत्त सायकलपटू' जाहीर करण्यात आलं आणि तिचं नाव यादीतून काढण्यात आलं.

"साहेब, एकवीस वर्षाची आहे थे," कैलासराव म्हणाले.

"म्हणून तं कौतुक," प्रभाकरराव म्हणाले. "एवढ्या कमी वयात आमच्या ऑफिसात कोणी इथवर पोचलं नाही."

निरोपसमारंभ वर्ध्यातल्या एका मोठ्या हॉलमध्ये झाला. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघणाऱ्या महादेवरावांनी मयुरीच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि तरुणांनी जिद्द सोडू नये असं सांगितलं. मग तिला दोन शब्द बोलायला उभं केलं.

"मले शाल नोको," मयुरी म्हणाली. "मले पुण्याले जायचं होतं. जिल्ह्यात सगळ्यात जोरात कोन चालवते, हे इथं बसलेल्या सगळ्याईले मालूम आहे. कोनी एकानं उठून तेवढं सांगा."

तुम्हीही तिथे होतात, मधल्या रांगेत. तिचं बोलणं तुम्हाला शंभर टक्के पटलं होतं. उठायचं तुमच्या मनातही आलं. मग आठवलं की घराचं काम अर्धं राहिलंय आणि सिमेंट महादेवरावांकडूनच यायचंय. शिवाय जो उठतो त्याच्याच गळ्यात पुढच्या वर्षीचं सचिवपद पडतं. शेजारचा उठला तर आपण लगेच उठू, असं ठरवून तुम्ही त्याच्याकडे पाहिलं. तो तुमच्याकडेच पाहत होता. मयुरी माइक धरून उभीच होती. तेवढ्यात मागून कुणीतरी जेवण लागल्याचं सांगितलं, आणि ताटांच्या रांगेत तुमचा पहिला नंबर लागला.