टॅरंटची खुर्ची

टक्!

सकाळचे सहा वाजले होते. लेक येट्टे आत झोपलेली, माझा नवरा माल्टे इस्पितळातल्या पाळीवरून अजून यायचा होता, आणि घरात इतकी शांतता की फ्रिजसुद्धा दबक्या आवाजात चालला होता. मी कॉफीचा कप उचलायला जरा पुढे वाकले, आणि माझ्या खुर्चीचा मागचा डावा पाय म्हणाला, टक्!

मी श्वास रोखला. आत येट्टे कुशीवर वळली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. वाचले! पाच वर्षांच्या मुलीच्या आईला दिवसातून एकच तास स्वतःचा मिळतो, आणि तोही असा चवड्यांवर चालत वापरावा लागतो. ही खुर्ची येट्टेनंच झोके घेऊन घेऊन खिळखिळी केली आहे. माल्टे गेलं वर्षभर ती 'येत्या रविवारी' दुरुस्त करतो आहे. रविवारी आमच्याकडे हातोडी वाजवायला मनाई असते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तर त्या तासात मी उजळणी करत होते. खरं म्हणजे मला उजळणीची गरजच नाही! लॉर्न टॅरंटची बर्लिनमधली तीन वर्षं मला माझ्या लग्नाच्या सात वर्षांपेक्षा जास्त पाठ आहेत. हा इंग्लिश गायक शहात्तर साली आमच्या शोनेबर्ग भागात आला तेव्हा पार मोडलेला होता. एकोणऐंशीत गेला तेव्हा त्याच्या नावावर तीन अशा रेकॉर्डी होत्या, की त्यांच्यासाठी जगभरातून माणसं अजून इथे येतात. त्यांना मी दोन तास पायी फिरवते, हीच माझी नोकरी. तो उठायचा उशिरा, म्हणून आधी त्याची कॉफीची जागा, मग स्टुडिओ, मग तो फिरायला जायचा तो पूल, आणि शेवटी आमचीच इमारत. तळमजल्यावरच्या फ्राऊ मार्क्वार्ट म्हणजे मार्क्वार्टबाईंकडे तो भाडेकरू होता. त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी त्याची खुर्ची आहे.

"दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं," मी तिथे आवाज खाली आणून म्हणते, "या खुर्चीवर जन्मलं."

मग मी चार सेकंद गप्प बसते. पाचव्या सेकंदाला कोणीतरी नाक शिंकरतं. आजवर एकदाही चुकलेलं नाही!

त्या दिवशी मात्र फेरीला आमचे मालक हेर ब्रेडो, म्हणजे ब्रेडोसाहेब, स्वतः येणार होते. त्यांनी एका नटाकडून माझेच दोन तास मखमली आवाजात रेकॉर्ड करून घेतले होते. लोकांनी हेडफोन लावायचे आणि आपले आपण फिरायचं.

"फ्राऊ हार्म्स, हेडफोनच्या मुलीला ताप येत नाही, आणि हेडफोन रजा मागत नाहीत," ते मला फोनवर म्हणाले होते. "एकदा तुमची फेरी बघतो आणि तिथल्या तिथे ठरवतो."

बालवाडी साडेतीनला सुटते, आणि त्याच्या आधी संपणारी दुसरी नोकरी या शहरात मला तरी सापडलेली नाही.

साडेसातला बालवाडीचा फोन आला. "तिघी बाई आजारी आहेत. आज बंद!"

म्हणजे येट्टे सोबत येणार. ठीक आहे! मी काही डगमगणारी नाही. उलट जोशात येऊन मी आणखी एक काम उरकलं. येट्टेचे बाळपणीचे कपडे भरलेलं खोकं गेले सहा महिने दारामागे पडून होतं. द्यायचं ठरलेलं होतं, देववत मात्र नव्हतं. ते मी खाली नेऊन इमारतीच्या दाराशी फुटपाथवर ठेवलं. कागदावर मोठ्या अक्षरांत 'फुकट! घेऊन जा!' असं लिहिलं. वाऱ्यानं कागद उडेल म्हणून तो खोक्याला न लावता वर खिडकीच्या गजाला चांगला चार बाजूंनी चिकटवला. आमच्याकडे असा कागद दिसला की त्याखालची कुठलीही वस्तू पहिल्या येणाऱ्याची. विचारायचंसुद्धा नाही.

सर्वांत वर एक मोजा होता, अंगठ्याएवढा. तो मी परत काढून खिशात टाकला. मग निघाले.

दहा वाजता स्टेशनपाशी अकरा जण जमले होते. हेर ब्रेडो गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभे, पोहण्याच्या शर्यतीला आल्यासारखे! बाकीच्यांत बोखुमचे एक निवृत्त ट्रामचालक होते, हेर पावलाक. उंच, वाकलेले, छातीशी धरलेली पिशवी, तिच्यात टॅरंटची जुनी रेकॉर्ड. तेवढे एकटे आले होते.

फेरी अशी रंगली म्हणून सांगू! पुलापाशी तर मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात शेजारून एक बाई सायकलवरून गेली. मागच्या कॅरियरवर तिनं एक खुर्ची उलटी बांधली होती, चारही पाय आभाळाकडे.

"हे बघा!" मी हात पसरून म्हणाले. "हे आमचं बर्लिन! कोणीतरी आज सकाळी ही खुर्ची दाराबाहेर ठेवली असेल, आणि आता ती दुसऱ्या घराला चालली आहे. टॅरंटचं अर्धं घर असंच तर जमलं होतं!"

"आई," येट्टेनं माझा कोट ओढला, "ती तर फ्राऊ..."

"येट्टे, आई बोलत असताना काय करायचं?"

"गप्प बसायचं."

"शाबास!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सायकलवाली बाई खूश होऊन घंटी वाजवत गेली. दोघांनी खुर्चीचा फोटो काढला. हेर ब्रेडोंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच हसले. मी मनात म्हटलं, जिंकले!

इमारतीच्या दाराशी फ्राऊ मार्क्वार्ट उभ्या होत्या. वय शहाऐंशी, कमरेला एप्रन, चेहरा पांढराफटक.

"वीबके, पोरी, खुर्ची गेली!" त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या.

"कुठे गेली?"

"तुझे साहेब येणार म्हणून साबणानं घासली आणि वाळायला बाहेर ठेवली. एवढंसं ऊन कुठे पडतं, त्या खिडकीच्या गजाखालीच ना! आत जाऊन चष्मा घेऊन येते तर खुर्ची नाही!"

मी गजाकडे पाहिलं. कागद दिमाखात फडफडत होता. 'फुकट! घेऊन जा!' खाली माझं खोकं जसंच्या तसं भरलेलं. चार तासांत एका माणसानं एक झबलंसुद्धा उचललं नव्हतं, आणि खुर्ची मात्र गेली होती! आभाळाकडे केलेले ते चार पाय माझ्या डोळ्यांसमोरून सायकलवर बसून पुन्हा एकदा गेले. मीच टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"मी सांगत होते," येट्टे म्हणाली.

हेर ब्रेडोंचा अंगठा स्टॉपवॉचवर होता.

"मंडळी!" मी ओरडले. "आत जाण्याआधी अंगणात पाच मिनिटं फक्त शांतता ऐका! टॅरंट रोज ऐकायचा!" आणि येट्टेच्या कानात म्हणाले, "तू काही बोलायचं नाहीस. आइसक्रीम देईन."

"किती गोळे?"

"एक."

ती तोंड उघडून हेर ब्रेडोंकडे वळली.

"दोन!"

चार मजले मी कशी चढले ते मला आठवत नाही. हाताला जी लागली ती खुर्ची उचलली आणि मागच्या जिन्यानं खाली आणली. फ्राऊ मार्क्वार्टच्या खिडकीशी ठेवून पाहिली, तेव्हा कळलं कुठली आणली ते. बैठकीवर सकाळचं दुधातलं म्यूसली वाळून चिकटलेलं होतं. फ्राऊ मार्क्वार्टनी ते एप्रननं खरवडलं आणि एक शब्द न बोलता दार उघडलं.

अकरा जण दाटीवाटीनं आत आले. मी आवाज खाली आणला. तो मुद्दाम आणावा लागला नाही.

"दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं या खुर्चीवर..."

'जन्मलं' हा शब्द काही बाहेर पडला नाही. लोकांना वाटलं मी गहिवरले! दोघींनी लगेच नाकं शिंकरली.

"बसलं तर चालेल?" हेर पावलाकनी विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर ते बसलेसुद्धा. अगदी सावकाश, देवळात टेकावं तसे. पिशवी मांडीवर घेतली आणि थोडे मागे रेलले.

टक्!

हेर पावलाक ताठ झाले. पुढे वाकले, पुन्हा मागे रेलले.

टक्!

"ऐकलंत?" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "तेच आहे हे! तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी!"

"काय आहे?" हेर ब्रेडो पुढे सरसावले.

"आमच्याकडे एकच रेकॉर्ड होती. मी आणि माझा भाऊ डेटलेफ. स्पीकरही एकच, म्हणून दोघं दोन बाजूंनी कान लावून पडायचो. तो म्हणायचा, 'एबर्हार्ड, इथे कोणीतरी टक् करतंय.' मी म्हणायचो, 'गाढवा, रेकॉर्डवरचा ओरखडा आहे तो, तूच पाडलेला!' चाळीस वर्षं भांडलो यावर. नाताळला, वाढदिवसाला, फोनवर. तो म्हणायचा, 'एकदा बर्लिनला जाऊन विचारू.' मी म्हणायचो, 'ओरखडा बघायला कशाला जायचं तिकडे?'" ते थांबले. "मार्चमध्ये गेला तो."

टक्! त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं.

"त्याचं बरोबर होतं," ते म्हणाले, आणि रडायला लागले. नाक शिंकरण्याचं रडणं नव्हे ते. मोठा माणूस रडताना खांदे कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही, तसं.

मी पुढे झाले. शपथ घेऊन सांगते, मी खरं सांगणार होते! पण तेवढ्यात त्यांना तो पाय डोळ्यांनी बघायचा होता. ते गुडघ्यांवर बसले, खुर्ची तिरकी केली आणि खाली डोकं घातलं.

"इथे बदक चिकटवलंय," ते म्हणाले.

पिवळं, टोपी घातलेलं. येट्टेनं तिसऱ्या वर्षी चिकटवलेलं. मी डोळे मिटले.

"त्याला बदकं फार आवडायची," फ्राऊ मार्क्वार्ट शांतपणे म्हणाल्या.

हेर ब्रेडोंनी तेही लिहून घेतलं!

"तीन गोळे," येट्टे माझ्या कमरेशी पुटपुटली.

जाताना हेर पावलाकनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "रेकॉर्डिंग ऐकत फिरलो असतो तर मी बसलोच नसतो," ते म्हणाले. "तुम्ही त्या शब्दाला अडखळलात ना, तेव्हा वाटलं, इथे बसून चालेल." माझ्या ओठांवर आलेलं वाक्य तसंच मागे गेलं. ते रेकॉर्ड छातीशी धरून निघाले. मघापेक्षा थोडे कमी वाकलेले दिसले, की मलाच तसं बघायचं होतं, कोण जाणे.

हेर ब्रेडो मागे रेंगाळले. स्टॉपवॉच बंद करायचंच विसरले होते.

"हेडफोन राहू दे सध्या," ते घसा खाकरून म्हणाले. "फेरी तुमचीच. आणि फ्राऊ हार्म्स, त्या खुर्चीला कोणालाही हात लावू देऊ नका. दुरुस्त तर मुळीच नाही!"

माल्टेला इतकी आनंदाची बातमी मी आजवर दिलेली नाही.

सगळे गेल्यावर मी फ्राऊ मार्क्वार्टच्या पुढ्यात मटकन बसले. टक्! "खरी खुर्ची माझ्यामुळे गेली. इतकी वर्षं जपलीत तुम्ही. मी शोधते, सगळ्या खांबांवर कागद लावते..."

"कुठली खरी?" त्यांनी बटाटे काढले. "अठ्ठ्याऐंशी साली घेतली मी ती. तो गेल्यावर नऊ वर्षांनी."

"आणि मग टॅरंटची?"

"त्याला खुर्ची नव्हतीच. कोळशाच्या पेटीवर बसायचा. माझ्याबरोबर बटाटे सोलायचा. वाईट सोलायचा, अर्धा बटाटा सालीबरोबर! पण इथे त्याला गाण्याबद्दल कोणी विचारत नव्हतं ना, म्हणून यायचा. गाणी कुठे लिहायचा ते मला काय माहीत?"

"मग तुम्ही मला कधी सांगितलंत का नाही?"

"तू पहिल्या दिवशी आलीस, येट्टे पोटात होती. 'हीच का ती?' म्हणालीस, बसलीस आणि रडायला लागलीस. तेव्हा कोण सांगणार, की पोरी, ही सेलमध्ये घेतली आहे म्हणून?" त्यांनी एक बटाटा माझ्याकडे सरकवला. "आणि वाजत नव्हती हो माझी खुर्ची. या स्वयंपाकघरात कधी काही टक् झालेलं नाही."

मी बटाटा सोलला. खिशातल्या त्या अंगठ्याएवढ्या मोज्याशी माझी बोटं उगाच खेळत होती.

आता ती खुर्ची रोज नाश्त्याच्या आधीच खाली जाते आणि दुपारी वर येते. आमचा नाश्ता दोन खुर्च्यांवर आणि एका उलट्या बादलीवर होतो. पण त्या पहिल्या दुपारी मी ती खांद्यावर घेऊन चढत होते, मागे येट्टे, तिसरा गोळा कोपरापर्यंत ओघळलेला. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"आई, आपली खुर्ची तर मी मोडली ना?"

"हो."

"आणि फ्राऊ मार्क्वार्टची वाजतच नव्हती."

"नव्हती वाजत."

तिनं कोपर चाटलं आणि विचार केला.

"मग त्या आजोबांच्या भावाला ऐकू आलं, ते टक् कोण करत होतं?"